ज्याची त्याची खुर्ची

दि. ९ जानेवारी

चि. पेन्सिल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मी फोनवर का बोलत नाही असं विचारलंस, तर ऐक. फोनवर तू हो आजी, हो आजी करतेस आणि तुझी बोटं दुसरीकडे टकटक करत असतात. बहिरी नाही मी. पत्र वाचताना माणूस निदान एका जागी बसतं. शिवाय माझी दुसरीपर्यंतची शाळा कशाला वाया घालवू?

पायाचं म्हणशील तर जखम भरली. एक बोट गेलं, नऊ आहेत, चालायला पुरतात. डॉक्टर म्हणाला, रोज चालत जा. मी विचारलं, कुठे? आमच्या गल्लीत एका बाजूला फिटरच्या बंद पडलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला लोकांच्या धडधाकट गाड्या, आणि मधे उरलेल्या जागेतून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. मग मी काय पालीसारखी भिंतीवरून चालू? तो हसला आणि एक गोळी वाढवून दिली.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितेस, महापालिकेने तुझ्याकडे गल्ल्यांचे नकाशे दिलेत, आणि आमची गल्ली लोकांनी आपणहून मोकळी केली तर तिथे सपाट वाट, बाकं, सावली, प्यायच्या पाण्याचा नळ असं सगळं करता येईल. लोक चालतील, आणि साखर नि रक्तदाब औषधावाचून खाली येतील. वाचून आधी हसू आलं. मग तुझा बाप आठवला. जन्मभर बसून गाडी हाकली, घरी आला की बसून टीव्ही पाहिला, आणि चाळिशीत बसल्या जागीच गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. रडून झालंय.

या गल्लीत गोड बोलणारं कुणी नाही, पण साखर घरोघर आहे. शिंपीणबाईला आहे, रिटायर मास्तरांना आहे, गॅरेजवाल्या फिटरला तर डोळ्यापर्यंत चढलीय. तेव्हा काम चांगलं आहे. करते मी.

तुझे सहीचे कागद मात्र परत पाठवते. इथे कुणी सही करणार नाही. आमची रीत तू लहानपणापासून बघितलीस. नळाची वेळ असो की जिन्यातला दिवा, ज्याला मान्य त्याने घरातली खुर्ची आणून गल्लीत टेकवायची आणि वर बसायचं. नाही पटलं की खुर्ची उचलून घरात. तोंड वाजवावं लागत नाही.

एकच विचारते, खरं सांग. जागा रिकामी केल्यावर ती आमचीच राहील ना? रिकाम्या जागेवर आधी नजर येते, माणूस मागून येतो.

बाकी साखर सोडून सगळं ठीक. लोभ कर, पण मोजूनमापून.

तुझी आजी

---

दि. २० जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ बोटांना वेगळा नमस्कार.

आजी, तू किती संशय घेतेस गं! ती एवढीशी गल्ली, टोकाला बंद पडलेलं गोदाम. कुणाला हवी असणार आहे? चालायला जागा हवी म्हणून तर ती मोकळी करायची. फिटरमामांना मागे नाल्याजवळ पत्र्याची शेड बांधून मिळेल, ते मी साहेबांकडून पक्कं करून घेतलंय.

खुर्च्यांची रीत मी साहेबांना सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, सह्यांऐवजी खुर्च्यांचा फोटो चालेल.

मात्र बोलायचं तूच. मी बोलले की लोकांना वाटतं महापालिका बोलली. तू बोललीस की घरचं माणूस बोललं. बाबा गेले तेव्हा मी ठरवलं होतं की माणसं ज्यांवर चालतील असे रस्ते करायचे. पहिला रस्ता आपल्याच दाराशी होतोय.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, तो रागावलीस तरी कमी करू नकोस.

तुझीच,
पेन्सिल

---

दि. २ मार्च

चि. पेन्सिल हिस,
अ. उ. आ.

काम फत्ते. पण कसं झालं ते वाच, म्हणजे आयतं वाटायचं नाही.

सगळ्यांत आधी शिंपीणबाईने मशीनचं स्टूल आणून ठेवलं. वर ताकीद दिली की ब्लाउज खोळंबलेत, लवकर काय ते ठरवा. मास्तरांनी आरामखुर्ची आणली आणि खुर्चीबरोबर भाषणही आणलं. ते चालू असताना आणखी बऱ्याच खुर्च्या आल्या. भाषण उभ्याने कोण ऐकणार!

अडला तो फिटर. त्याचं म्हणणं, गाडी बंद पडते रस्त्यावर, गॅरेज दिसावं लागतं रस्त्यावरून. नाल्याकाठी गिऱ्हाईक शोधत येतंय का? बोलत होता ते बरोबरच होतं. तरी मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, साखर डोळ्यांत उतरलीय तुझ्या, उद्या तुलाच गिऱ्हाईक दिसेनासं झाल्यावर रस्त्यावरचं दुकान काय चाटायचंय? त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, मावशी, महापालिकेवर माझा काडीचा भरवसा नाही, तुमच्यावर आहे. ही जागा उद्या दुसऱ्याच कुणाच्या घशात जाणार नाही असं तुम्ही सांगा, मी आत्ता उठतो.

मी सांगितलं. तुझ्या पत्राच्या जिवावर सांगितलं, पण तोंड माझं होतं.

मग त्याने भंगारातल्या मोटारीची ड्रायव्हरची सीट घरघर ओढत आणली, गल्लीच्या मधोमध मांडली, बसला, आणि वर पट्टाही लावून घेतला. सगळी गल्ली हसली. शिंपीणबाईची मशीनसुद्धा एवढी खडखडत नाही.

फोटो तुमच्या माणसाने काढलाय. मी त्यात डोळे मिटलेली आहे असं कळलं. असू दे.

फिटरच्या शेडचं विसरू नकोस. लोभ चालू ठेव, वीज जाते तसा जाऊ देऊ नकोस.

आजी

---

दि. २८ मे

चि. पेन्सिल हिस,
अ. उ. आ.

गल्ली ओळखू येत नाही. पाय टाकला की मुरगळत नाही, मागून भोंगा वाजत नाही. थोडं चाललं की बाक येतं. हे बाकांचं तू बरोबर ओळखलंस. म्हाताऱ्या माणसाला चालायची नाही, मधे बसायला मिळणार नाही याची भीती असते.

आम्हाला आता साखरपलटण म्हणतात. पुढे मास्तर, त्यांना पुढे राहायची सवय आहे. मधे शिंपीणबाई, चालता चालता समोरच्याच्या सदऱ्याची शिलाई तपासते. शेवटी मी आणि फिटर. डॉक्टरने माझी गोळी अर्धी केली आणि श्रेय स्वतः घेतलं. फिटरच्या कमरेचा पट्टा आतल्या भोकावर गेला. धंदा मात्र बसलाय त्याचा, नाल्याकडे माश्यांशिवाय कुणी फिरकत नाही. पण तो बोलून दाखवत नाही. खिशात पाना घेऊन चालतो आणि बाक आलं की खाली वाकून त्याचे बोल्ट आवळतो. म्हणतो, आपल्या गल्लीतलं बाक हललेलं चालायचं नाही.

त्यावरून एक विचारायचं होतं. बाकं बोल्टवर का बसवलीत? सिमेंटात गाडायची ना. आणि झाडं कुंड्यांत का? एवढी मोठी जमीन उघडी पडलीय की. भाड्याच्या घरात आपण भिंतीला खिळा ठोकत नाही, तसं काहीसं वाटतं मला बघून. म्हातारीला शंका फार, म्हणून सोडून देऊ नकोस. उत्तर लिही.

तू स्वतः अजून बघायला आली नाहीस. स्वयंपाक केल्यावर स्वतः चाखून बघत नाहीत का तुमच्याकडे?

लोभ आहे. पावलागणिक वाढतो.

आजी

---

दि. १० जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी गोळी अर्धी झाली हे वाचून मी ऑफिसात उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं.

जमिनीखालून पाण्याचे पाइप गेलेत, मुळं त्यांत शिरतात, म्हणून कुंड्या. बाक मोडलं तर चटकन बदलता यावं म्हणून बोल्ट. एवढंच. तू पोलिसात असतीस तर चोरांनी गाव सोडलं असतं.

ऑगस्टमध्ये साहेब गल्ली बघायला येणार आहेत. मला त्या वेळी यायला जमणार नाही, दुसरं काम आहे. फिटरमामांना माझा नमस्कार सांग.

लोभ असाच राहू दे, काहीही झालं तरी.

पेन्सिल

---

दि. १८ ऑगस्ट

नातीस,

आशीर्वाद मागाहून बघू.

तुझे साहेब येऊन गेले. आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या होत्या, त्यांना मास्तरांची आरामखुर्ची दिली होती. माणूस हसतमुख आहे. त्याने सांगितलं की टोकाच्या गोदामाच्या जागी मोठं इस्पितळ होणार. साखरेचं आणि हृदयाचं. आमच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं आम्ही आनंदाने गप्प आहोत. मग म्हणाला, इस्पितळाला गाड्या यायला रुंद रस्ता लागतो आणि दुसरीकडे असा रस्ता काढायला कोर्ट लागतं, पोलीस लागतात. इथे तुम्ही स्वतःच्या हातांनी जागा मोकळी करून दिलीत, खुर्च्या टाकून होकार दिलात. आमचा फोटो त्याने ऑफिसात चौकट करून लावलाय म्हणे.

मग माझ्याकडे वळला. म्हणाला, आजी, तुम्हाला तर ठाऊकच असणार. गल्ली मोकळी करायची तो पहिला टप्पा, रस्ता करायचा तो दुसरा. दोन्ही नकाशे तुमच्या हुशार नातीने गेल्याच वर्षी काढून दिले.

गेल्या वर्षी. मी जानेवारीत तुला विचारलं होतं, जागा आमचीच राहील ना. म्हणजे तू ते उत्तर लिहायला बसलीस तेव्हा दुसरा नकाशा तुझ्या कपाटात होता.

मास्तर बोलायला उठले आणि न बोलता खाली बसले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. फिटरने साहेबाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, मावशी, तुम्हाला माहीत होतं का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, माहीत असतं तर तुमच्याशी भांडलो तरी असतो. आता कुणाशी भांडू? आणि त्याने ती सीट उचलली. ओढली नाही, उचलली, छातीशी धरून नेली. मग शिंपीणबाईचं स्टूल गेलं. मग एकेक. साहेब मोटारीत बसेपर्यंत गल्लीत माझी एकटीची खुर्ची उरली. मी बसून राहिले. मान राखायला म्हणून नाही. उठताना मला कुणाचा तरी हात लागतो, आणि हात द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

आता कळलं सगळं. झाडं कुंड्यांत, बाकं बोल्टवर आणि आजी शब्दावर. तिन्ही उचलून नेता येतात.

आणि वर साखरेचं इस्पितळ! आधी चालायची जागा काढून घ्या, मग न चालल्याने जे होतं त्यासाठी खाट द्या. नकाशा काढणाऱ्याच्या डोक्याची कमाल आहे.

मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून लोक मला तोंडाळ म्हणत आले. खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. ते तू करून दाखवलंस.

लोभाबद्दल काही लिहीत नाही.

आजी

---

दि. २७ ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र.

दोन्ही नकाशे मी काढले, हे खरं. दुसरा काढताना मला वाटलं, एकदा लोकांना चालायची गोडी लागली की तो कुणी रेटणार नाही. साहेबांनाही मी तसं म्हटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मी त्याला होकार समजले.

तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गल्लीला सांगितलं असतंस. मग एक खुर्चीसुद्धा बाहेर आली नसती आणि एक बाकही आलं नसतं. तुझी गोळी अर्धी झाली नसती. मी एवढं तरी पदरात पडू दे म्हटलं. चुकलं असेल. पण आजी, इस्पितळ ही वाईट गोष्ट आहे का? बाबांना ते जवळ मिळालं असतं तर आज ते असते.

रस्त्याच्या एका कडेला पायवाट ठेवायचं मी भांडून मिळवलंय. अरुंद आहे, पण आहे.

ऑफिसात सगळे माझं अभिनंदन करतायत आणि मला जेवण जात नाही. रागाव, पण उत्तर लिही. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

पेन्सिल

---

दि. ५ सप्टेंबर

नातीस,

लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

तुझ्या बापाला मधे आणू नकोस. तो खाटेवाचून गेला नाही, बसून बसून गेला. हे तूच मला शिकवलं होतंस, पहिल्या पत्रात चित्र काढून, या कामाच्या नादी लावायला. आता तोंड फिरवून उलटं सांगू नकोस. इस्पितळ वाईट कोण म्हणतं? गोदामाला मागचा मोठा रस्ता आहे, ट्रक तिथूनच यायचे. तिकडून दार काढा. पण तिकडे दुकानदारांशी भांडावं लागेल. इथे आजी फुकट मिळाली.

आणि मला सांगितलं असतंस तर गल्लीने ऐकलं नसतं, हे तुला कुणी सांगितलं? कदाचित फिटर म्हणाला असता, तरी चालेल मावशी, जितके दिवस मिळतील तितके चालू. मनाने दिलं असतं त्याने. तू ते आमच्या हातातून काढून घेतलंस. शहाणी ना तू. आम्ही काय ठरवणार, तेसुद्धा तूच नकाशात काढून टाकलंस.

इकडची बातमी ऐक. पलटण मोडली. लोक आपापल्या घरात, टीव्हीसमोर. शिंपीणबाई मला बघून मशीन जोरात चालवते. फिटर बरेच दिवस दिसला नाही, तेव्हा मी नाल्यापर्यंत गेले, भिंत धरून. त्याच्या पायाला गरम सायलेन्सरचा चटका बसला होता आणि त्याला तो कळलाच नव्हता. साखरेने पायाची संवेदना जाते, माझं बोट असंच गेलं. त्याला डॉक्टरकडे हाकलला. गेला. पण वाटेत माझ्याशी बोलला नाही.

परवा तुमची माणसं बाकं काढायला आली. बोल्ट हलेनात. पाने बदलले, तेल घातलं, लाथा घातल्या. शेवटी मोठा पाना मागायला कुणाकडे गेली असतील? फिटरकडे. तो म्हणाला, माझा पाना हरवला. पाना त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होता. गल्ली कितीतरी दिवसांनी हसली, खिडक्यांतून.

मग तो पायाला फडकं बांधून स्वतःच आला. ती सीट ओढत आणली आणि तुमच्या लॉरीच्या पुढ्यात ठेवून बसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, या वेळी खुर्ची माझी मी ठेवतोय, कुणाच्या सांगण्यावरून नाही. ते कुणासाठी होतं ते मला कळलं. मग स्टूल आलं, आरामखुर्ची आली. लॉरी परत गेली.

मी माझी खुर्ची घेऊन गेले आणि फिटरला विचारलं, ठेवू का. मला विचारावं लागलं, हे लिहून ठेवते. तो म्हणाला, गल्ली सगळ्यांची आहे मावशी. मान वर केली नाही. मी सगळ्यांच्या मागे ठेवली. कालपासून पलटण पुन्हा निघते, पण चालतानाही मी आता एकटीच मागे असते. ज्याच्या शब्दाने गल्ली फसली त्याची ती जागा. रडगाणं नाही, हिशेब आहे.

मास्तरांनी वर कळवलं की फोटोतल्या खुर्च्या चालायच्या वाटेसाठी होत्या, गाड्यांच्या रस्त्यासाठी नव्हत्या. म्हणून साहेबाचा साहेब सोमवारी इथे विचारायला येणार आहे. तो विचारेल, खुर्च्या ठेवताना लोकांना दुसऱ्या टप्प्याचं सांगितलं होतं का? तू मला काय सांगितलं होतंस आणि काय नाही, ते आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. माझ्या शब्दाला आता या गल्लीत कुणी विचारत नाही, आणि तुमच्या ऑफिसात तर तो कधीच कुणी विचारला नव्हता. राहिलीस तू.

तुझी नोकरी जाईल की राहील, मला माहीत नाही. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. एकदा सांगून बघितलंय.

ये असंही म्हणत नाही. आलीस तर तुझी खुर्ची बरोबर आण. घरात आहेत, पण त्यांतली देणार नाही. सोमवारी सकाळी साहेबांच्या खुर्च्या एका बाजूला असतील, आमच्या एका बाजूला. फिटरच्या शेजारी थोडी जागा आहे. धरून मात्र कुणी ठेवलेली नाही.

मी मागे बसलेली असेन. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. तुझी कुठे दिसते ते बघते.

लोभाचं त्यानंतर.

आजी